दास, सेवक की गुलाम? आणि 'रोबो'मधली वेठ

मडगावहून:
झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, मिस्सात (चर्चमधल्या उपासनेत) बायबलातल्या फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय वाचला जातो. ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केलं, दासाचं रूप घेतलं, मरण येईपर्यंत आज्ञा पाळली. घरी आल्यावर नववीतला मुलगा म्हणाला, "आई, हे रोबोसारखंच झालं की. विज्ञानकथा लिहिणाऱ्या असिमोवने रोबोंना तीन नियम घातलेत. पहिला, माणसाला इजा करू नको. दुसरा, माणसाची आज्ञा पाळ. तिसरा, स्वतःला जप, पण आधीचे दोन्ही सांभाळून." तो मनापासून विचारत होता आणि मला उत्तर सुचेना.

मूळ ग्रीकमध्ये 'दास'च्या जागी 'डूलोस' आहे. सरळ अर्थ गुलाम, ज्याची खरेदी-विक्री होते तो. माझं माहेर वसईचं, लहानपणापासून कानावर 'दास'च पडलं, आणि तो ऐकताना काही टोचत नाही. टोचायला हवं होतं का? 'गुलाम' म्हणावं, की 'सेवक'?

फोंड्याहून:
ताई, 'सेवक' अजिबात नको, सेवक पगार घेतो आणि नोकरी सोडूही शकतो. मुलाचा कान मात्र पक्का आहे. 'रोबो' आला कारेल चापेकच्या १९२०च्या चेक नाटकातून, शब्द सुचवला त्याचा भाऊ जोसेफ याने. चेक 'रोबोता' म्हणजे जमीनदाराकडे कुळाने फुकट करायचं सक्तीचं काम. त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, वेठ. तिकडे ती १८४८ साली बंद झाली. आमच्याकडे गोव्यात मुंडकाराला, म्हणजे जमीनमालकाच्या जागेत घर करून राहणाऱ्याला, घरातून हुसकण्यापासून संरक्षण देणारा कायदा व्हायला १९७५ उजाडलं. भाटात (माडांच्या बागेत) घर आहे म्हणून भाटकार, म्हणजे त्या जागेचा मालक, हाक मारील तेव्हा जायचं, हे माझ्या आजीने भोगलंय. आणखी एक: जुन्या स्लाव्ह बायबलात तुमच्या त्याच ओवीत 'रब' आहे, म्हणजे गुलाम. 'रोबोता' त्याच मुळातली.

पेडण्याहून:
तरीही मी 'दास'च ठेवीन. मराठीत तो शब्द माणूस आपणहून लावून घेतो, रामदासांनी लावला तसा. शब्द आपलं घर बरोबर घेऊन येतो. इंग्रज धर्मगुरू फादर स्टीफन्सनी गोव्यातल्या रायतूरला १६१६ साली छापलेल्या ख्रिस्तपुराण या मराठी काव्यात स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटलं, ते काय उगाच?

बायबलातल्या निर्गम पुस्तकाचा २१वा अध्याय काढून बघा. इब्री दासाने सहा वर्षं राबायचं, सातव्या वर्षी सुटका. पण तो म्हणाला, माझं धन्यावर प्रेम आहे, मला जायचं नाही, तर दाराच्या चौकटीशी नेऊन त्याचा कान अरीने टोचायचा. असिमोवच्या रोबोचे नियम मेंदूतच घडवलेले. त्याला सातवं वर्षच नाही. आज्ञा मोडता येत नसेल तर ती पाळली असं कसं म्हणायचं?

मडगावहून:
निर्गमचा उतारा मुलाला वाचून दाखवला. 'रूप घेतलं' यातलं 'घेतलं' हे क्रियापद मी आजवर नुसतं ओलांडून जात होते. ते त्याने स्वतः घेतलं, कुणी लादलं नाही. म्हणून 'दास' राहू दे. पण धर्मशिक्षणाच्या वर्गात 'गुलाम' हा अर्थ मी सांगणार, कारण क्रूस ही रोममध्ये गुलामांना द्यायची शिक्षा होती आणि नुसत्या 'दास'मध्ये ती लाज झाकली जाते. योहानच्या शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायातही येशू शिष्यांना म्हणतो, यापुढे तुम्हांला दास म्हणत नाही, मित्र म्हटलं आहे. तिथे 'सेवक' घातला तर त्या वाक्यातली सुटकाच जाते.

मुलाचा पुढचा प्रश्न: रोबोला सातवं वर्ष दिलं आणि तो थांबला, तर त्याला काय म्हणायचं? 'रोबो' तर म्हणता येणार नाही, त्यात वेठ आहे. सुचेल त्याने लिहावं.