शिडाची नौका चांगली कशावरून ठरवायची? ('किती नॉट?' सोडून बोला)

आडवावारा
शिडाच्या नौकेचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: किती नॉट (ताशी सागरी मैल) पळते? म्हणून थेट सगळ्यात वेगवान उदाहरणापासूनच सुरुवात करतो. नोव्हेंबर २०१२ मध्ये नामिबियातल्या वॉल्व्हिस बे इथे पॉल लार्सनने 'सेलरॉकेट २' या नौकेवर ५०० मीटरच्या पट्ट्यात सरासरी ६५.४५ नॉट गाठले. अचाट काम, वादच नाही. पण ती नौका एकाच अंगाने वारा घेऊन धावायला बांधलेली. वारा दुसऱ्या अंगाने घ्यायची वेळ आली की तिचं काम संपलं. उत्तम यंत्र म्हणा हवं तर, उत्तम नौका म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

माझ्या लेखी खरी परीक्षा एकच: जिकडे जायचंय तिकडूनच वारा येत असताना नौका काय करते? समजा, एक नौका वाऱ्याशी ४५ अंशांचा कोन ठेवून ६ नॉटने जाते. दुसरी ५.७ नॉटनेच जाते, पण वाऱ्याच्या ४० अंशांपर्यंत जवळ जाऊ शकते. वारा येतो त्या दिशेने खरोखर किती पुढे सरकल्या ते मोजलं, तर पहिली ताशी ४.२४ सागरी मैल आणि दुसरी ४.३७. त्यातून पहिलीची कील (तळाखालचं वजनदार पातं) उथळ असली आणि ती पाच अंश आडवी घसरत असली, तर तिच्या पदरात ३.८६ च उरतात. वेगमापकावर मात्र ६ झळकत राहतात आणि मालक खूश!

लाटतोड
अहो, वेगाला पुढच्या दाराने हाकललंत आणि मागच्या दाराने आत घेतलंत. तुमचे ४.३७ म्हणजे वेगच की, दिशा ठरवून मोजलेला.

माझं म्हणणं सरळ आहे. समुद्रावर वेग हीच सुरक्षितता. ६०० मैलांचा पल्ला ५ नॉटने १२० तासांचा, ६ नॉटने १०० तासांचा. हवामानाचा अंदाज जितका लांबचा तितका कच्चा, हे सगळ्यांना माहीत आहे. हे वीस तास वाचले तर वादळ येण्याआधी तुम्ही बंदरात असता. आणि 'भक्कम, आरामशीर' नावाखाली जी जड धुडं खपवली जातात, त्यांचं पाच-सहा नॉटच्या वाऱ्यात काय होतं ते पाहिलंय. बुडालेल्या पृष्ठभागाच्या मानाने शीड तोकडं, त्यामुळे जागची हलत नाहीत. मग इंजिन सुरू. दिवसभर इंजिनवर चालणाऱ्या नौकेच्या शिडाची कसली चर्चा करायची?

सुकाणूवाली
लाटतोड, हलक्या वाऱ्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण तुमचे ६ नॉट १०० तास टिकवणार कोण?

साध्या, पाणी कापत जाणाऱ्या हलची (नौकेच्या धडाची) कमाल गती पाण्यालगतच्या लांबीवर ठरते. फुटांतल्या लांबीचं वर्गमूळ गुणिले १.३४, हा जुना ठोकताळा. २५ फुटांना ६.७ नॉट, २८ फुटांना ७.१. म्हणजे एकाच आकाराच्या प्रवासी नौकांत कमाल वेगाचा फरक फारसा नसतोच. फरक पडतो सरासरीत, आणि सरासरी माणसाच्या दमावर ठरते.

इथे सुकाणूचा तोल येतो, ज्याबद्दल कोणी बोलत नाही. जोराचा झोत आला की नौका वाऱ्याकडे वळू पाहते. थोडं वळणं चांगलंच, त्याने हाताला अंदाज मिळतो. रडर (पाण्यातलं वळवायचं पातं) तीन ते पाच अंश वळवून ती सरळ जात असेल तर उत्तम. पण दहा-बारा अंश धरून ठेवावं लागत असेल तर रडर म्हणजे नौकेला लावलेला ब्रेक, आणि हात भरून येतात ते वेगळंच. मागून रुंद असलेल्या काही नौका जास्त कलल्या की नाळ (पुढचं टोक) पाण्यात रुतते, मागचा भाग उचलला जातो आणि रडर अर्धवट हवेत. मग ती आपल्या मर्जीने गर्रकन वाऱ्याकडे फिरते. शर्यतीत आठ माणसं वरच्या काठावर बसून हा कल कमी करतात. दोघांनी प्रवास करताना ती आठ माणसं आणायची कुठून? त्यातला एक तर झोपलेला असतो.

जुनीकील
इतकं बोलून झालं आणि १९७९ च्या फास्टनेट शर्यतीचं नाव कसं नाही आलं? ३०३ नौका निघाल्या, वादळात १५ खलाशी गेले, ५ नौका बुडाल्या, २४ सोडून द्याव्या लागल्या. सर्वांत लहान गटातून शर्यत पूर्ण करणारी एकच: 'असेंट', कॉन्टेसा ३२ जातीची. अरुंद, खोल, वजनदार कीलची. त्या काळच्या शर्यतीच्या नियमांनी रुंद आणि हलक्या नौकांना उत्तेजन दिलं होतं. रुंद नौका सुरुवातीला कलत नाही, म्हणून पक्की वाटते. पण एकदा पूर्ण उलटली की तीच रुंदी तिला उलटीच धरून ठेवते. कोणत्या कोनापर्यंत कलूनही नौका आपणहून उभी राहते, तो आकडा आधी विचारा. नॉट नंतर.

लाटतोड
जुनीकील, एका शर्यतीवर सगळी भिस्त ठेवायची तर दुसरीही घ्या. १९९८ ची सिडनी-होबार्ट. ११५ निघाल्या, ४४ पोचल्या, सहा जण गेले. त्यातले तिघे 'विन्स्टन चर्चिल'वरचे. ही नौका १९४२ ची, लाकडी, जड, अगदी तुमच्या आवडीची. ती बुडालीच ना? फुटणारी लाट पुरेशी मोठी असली की ती नौकेचं वय आणि वजन विचारत नाही.

जुनीकील
जुनी म्हणजे चांगली असं मी कुठे म्हटलं? आकार आणि तोल म्हणतोय. १९६८-६९ च्या गोल्डन ग्लोबमध्ये, एकट्याने न थांबता जगप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत, नऊ जण निघाले. पोचली फक्त रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनची 'सुहेली', ३२ फुटी, संथ, ३१२ दिवस. तिच्यापेक्षा वेगवान चाललेली नायजेल टेटलीची तीन हलची नौका घरापासून सुमारे ११०० मैलांवर फुटली.

लाटतोड
का फुटली तेही लिहा की. त्याच शर्यतीतला डोनाल्ड क्रोहर्स्ट आपली खोटी ठिकाणं कळवत होता. तो मागून जवळ येतोय असं वाटून टेटलीने आधीच खिळखिळी झालेली नौका दामटली. याचा दोष वेगवान रचनेवर कसा टाकता?

आडवावारा
आधीच खिळखिळी झाली होती हे तुम्हीच लिहिलंत. तेवढं माझ्या बाजूने धरतो. :)

भाराचाही मुद्दा राहिलाय. पाणी, इंधन, शिधा, साखळी, सुटे भाग मिळून एक टन सहज भरतं. तीन टनांच्या चपळ नौकेवर तो तिच्या वजनाचा तिसरा हिस्सा झाला, नऊ टनांच्या नौकेवर नववा. माहितीपत्रकातले वेग रिकाम्या, स्वच्छ तळाच्या, नव्या कोऱ्या शिडांच्या नौकेचे असतात. प्रवासाला निघालेल्या नौकेचे नाहीत.

नवखा_खलाशी
सगळं वाचून डोकं गरगरलं. दोघांनी लांबच्या प्रवासाला जायचंय. चाचणीच्या फेरीत नेमकं काय बघू?

सुकाणूवाली
झोत आला की काही क्षण सुकाणू सोडा. नौका हळूहळू वाऱ्याकडे वळली तर ठीक, झटका देऊन वळली तर शिडं कमी करून पुन्हा बघा. तरीही तेच, तर दुसरी नौका शोधा. वारा येतो त्या दिशेने टॅकमागून टॅक घेत (नागमोडी वळत) वर चढा आणि किती चढलात ते जीपीएसवर बघा, वेगमापकावर नको. आत जाऊन पाच मिनिटं चहा करायचा प्रयत्न करा, तिचा हेलकावा तिथेच कळतो. शेवटी जिब (पुढचं शीड) उलट्या बाजूला घट्ट ओढून, सुकाणूचा दांडा वाऱ्याखालच्या बाजूला बांधून ठेवा. नौका नाळ वाऱ्याजवळ ठेवून संथपणे सरकत राहते का? दोघांच्या प्रवासात ती विश्रांती सोन्याची.

लाटतोड
हे शेवटचं खोल, लांब कीलच्या नौकांना जमतं. अरुंद, माशाच्या पंखासारख्या फिन कीलच्या बऱ्याच नौका अशा स्थिर राहत नाहीत, नाळ इकडे-तिकडे भटकते. त्यांना वादळात वाऱ्यापुढे पळतं ठेवतात, मागे ड्रोग (दोराने पाण्यात ओढला जाणारा अडसर) सोडून. आणि पळतं ठेवायला वेग लागतो, नवखा, एवढं विसरू नका.

सुकाणूवाली
ड्रोग हा वेग कमी करायलाच सोडतात, लाटतोड.