मदत हवी आहे : ‘मॅकबेथ’मधील दारावरची थाप आणि द्वारपालाचा प्रवेश

सप्रेम नमस्कार.

शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मधील मॅकबेथ राजा डंकनचा खून करतो त्या प्रसंगात ताण कसा चढत जातो, यावर मी एक टिपण लिहीत असून एका मुद्द्यावर अडलो आहे. पहिल्या अंकात डंकन मॅकबेथच्या किल्ल्याच्या प्रसन्न हवेची मनापासून स्तुती करतो, तेव्हा आत शिजणारा बेत प्रेक्षकांना ठाऊक असतो. हा नाट्यगत उपरोध मला उलगडतो. हवेत तरंगणाऱ्या खंजिराचे स्वगत आणि ते तोडणारा घंटेचा आवाजही समजतो. प्रत्यक्ष खून मात्र पडद्याआड होतो, आणि त्यानंतर मॅकबेथ आणि त्याची पत्नी लेडी मॅकबेथ यांचे संवाद इतके तुटक होतात की एकेका शब्दाच्या प्रश्नाला एकेका शब्दाचे उत्तर येते. माझ्या मते संपूर्ण नाटकातील सर्वांत भयंकर क्षण तोच आहे. लेडी मॅकबेथ खंजीर परत ठेवायला जाते आणि मॅकबेथ एकटा उरतो, नेमकी तेव्हाच दारावर थाप पडते.

अडचण पुढे आहे. थाप चालूच असताना झिंगलेला द्वारपाल स्वतःला नरकाचा पहारेकरी समजून बडबडतो. या विनोदाने ताण सैल होतो, की खून उघडकीस येणे लांबल्यामुळे तो अधिकच वाढतो? इंग्रज निबंधकार डी क्विन्सी यांचा १८२३ मधील निबंध थापेविषयी बोलतो, परंतु माझा प्रश्न विनोदाचा आहे. वि. वा. शिरवाडकरांचे ‘राजमुकुट’ हे ‘मॅकबेथ’चे मराठी रूपांतर किंवा मूळ नाटक रंगमंचावर पाहिलेल्या जाणकारांनी, त्या क्षणी प्रेक्षागृहात हसू उमटले की शांतता पसरली, हे कृपया सविस्तर कळवावे.