गेहीला विकून चेल्सीने माती खाल्ली का?

निळा_सिंह: काल परत 2025 ची इंग्लंडच्या एफए कप फुटबॉलची फायनल बघितली, क्रिस्टल पॅलेसने मँचेस्टर सिटीला 1-0 हरवलं आणि सुजलेल्या डोळ्याने कप उचलणारा कॅप्टन कोण, तर आपल्याच चेल्सीच्या अकॅडमीतला डिफेंडर मार्क गेही. 2021 ला पॅलेसला साधारण 18 मिलियन पाउंडात घालवला. चूकच ना?

बाकावरचा_बारावा: अरे तेव्हाचं बघ ना, नुकतीच चॅम्पियन्स लीग जिंकलेली, सिल्वा, रुडिगर, अझपिलिक्वेटा, क्रिस्टेन्सन सगळे डिफेंडर हजर, पोरगा खेळणार कुठे? स्वान्सी क्लबकडे लोनवर म्हणजे उसना खेळून आलेला, बाकावर बसून गंज चढला असता.

निळा_सिंह: हो पण वर्षभरात रुडिगर आणि क्रिस्टेन्सन दोघंही कॉन्ट्रॅक्ट संपून फुकटात गेले, मग त्यांच्या जागी कुलिबाली, फोफानावर पैसे ओतले. घरचं विकायचं आणि बाजारातून महाग आणायचं, कसला धंदा हा

हिशेबनीस: अकॅडमीचा प्लेअर विकला की जवळपास अख्खी रक्कम वहीत नफा म्हणून दिसते, खरी गोम तिथे आहे. अकॅडमीतलाच डिफेंडर टोमोरीही त्याच वर्षी मिलानला गेला. मला विकण्याचा राग नाही, पण 2022 ला रुडिगरचं कॉन्ट्रॅक्ट संपतंय हे ऑफिसात कुणाला दिसलंच नाही का?

बाकावरचा_बारावा: हां, ते मान्य 😅