२३ वर्षांच्या ऑटिस्टिक मुलाला ग्रुपमध्ये पाठवावं का?

कोथरूडकर_आई
मुलगा बी.कॉम. झालाय, घरूनच डेटा एंट्री करतो. कॉलेज संपलं आणि घराबाहेरचं माणूसच उरलं नाही. जवळ एक ग्रुप चालतो. नजरेला नजर देणं, गप्पा सुरू करणं वगैरे शिकवतात. हा म्हणतो, "मला परत शाळा नको." आग्रह धरू का?

सुमेधा_नाशिक
नका धरू. अमेरिकेत यूसीएलए विद्यापीठात तयार झालेला, गप्पा-मैत्री शिकवणारा 'पीअर्स' कार्यक्रम आहे ना, तरुणांसाठी १६ आठवडे, दर वेळी दीड तास. मुलं एका खोलीत आणि त्यांचे कोच, बहुतेक पालकच, दुसऱ्या खोलीत. तिथेही मुलाला स्वतःला यायचंय का, हे आधी बघतात.

डाऊन_स्लो
काकू, मी स्वतः ऑटिस्टिक. वय २६, डोंबिवली. नजरेला नजरवाला ग्रुप करून झालाय. समोरच्याच्या डोळ्यांत बघायला लागलो की तो काय बोलतोय ते डोक्यात शिरत नाही. गोलात बसून शेजाऱ्याला विचारायचं, "रविवारी काय केलंस?" त्याला सांगायचं नसायचं, मला ऐकायचं नसायचं. मॅडम मात्र खूश.

आता आम्ही पाच-सहा जण महिन्यातून एकदा कर्जतला जातो. सगळे रेल्वेवेडे. पुढे बोरघाटात ३७ फुटांना १ फूट चढ, म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून बँकर इंजिनं लावतात. ते बघायचं. आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर सगळं येतं: कुठली लोकल, कितवा डबा, कुठलं बाकडं, परत कधी. हेडफोन लावून गप्प बसलात तरी चालतं. मध्येच घरी जायचं असेल तर ग्रुपवर नुसता अंगठा टाकायचा, का म्हणून कुणी विचारत नाही.

एक जण पहिल्यांदा आला तेव्हा तोंडातून शब्द नाही. वडापाव तसाच मांडीवर, हा इंजिनांचे नंबर लिहितोय. मी एक नंबर मोठ्याने वाचला, तर वर न बघता म्हणाला, "शेवटचा आकडा तीन. आठ नाही." झाली ओळख. आता रोज रात्री मला नंबर पाठवतो.

डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक अभ्यासकाने २०१२ मध्येच मांडलंय की ऑटिस्टिक आणि बाकीचे, न कळणं दोन्ही बाजूंनी असतं. शिकवणी मात्र आम्हालाच! त्यामुळे काय शिकवतात ते राहू द्या, तिथे त्याच्या आवडीचं काय चालतं ते विचारा.

कोथरूडकर_आई
याला पीएमपीचे बसमार्ग तोंडपाठ आहेत, बंद झालेलेसुद्धा. तुझं लिहिलेलं वाचायला दिलं. "बँकर लावायला किती मिनिटं लागतात?" एवढंच विचारलं. पहिल्या वेळी मी सोबत आले तर चालेल?

डाऊन_स्लो
या की. पालकांचं बाकडं चहाच्या स्टॉलपाशी, आमच्यापासून लांब. तुमच्या गप्पांचा आवाज फार होतो. मिनिटांचं त्यालाच मोजू दे, येताना घड्याळ आण म्हणावं.