लारावेल: नेस्टेड राऊटमध्ये दुसऱ्याच संस्थेचा सभासद उघडतोय

गोठा_डेव्ह:
दूध संस्थांसाठी लारावेलमध्ये (पीएचपीचं वेब-फ्रेमवर्क) एपीआय लिहितोय, म्हणजे अ‍ॅपने माहिती मागायचे पत्ते. संस्था, तिचे सभासद आणि सभासदाच्या सकाळ-संध्याकाळच्या नोंदी (लिटर, फॅट, एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले घन घटक). राऊट फाइलमध्ये (कुठला पत्ता कुठल्या कोडकडे जातो ते इथे लिहितात) एपीआय-रिसोर्सला 'संस्था डॉट सभासद' असं दिलंय, म्हणून पत्ता 'संस्था/५/सभासद/८१२' असा होतो. आता ८१२ हा खरा ९ नंबरच्या संस्थेचा, तरी ५ खाली बिनबोभाट उघडतो. असं एकात एक नेस्टिंग केल्यावर लारावेल हे स्वतः बघत नाही का? आणि नोंदी अजून एक पायरी आत घालू का?

कोड_कट्टा:
कंट्रोलरच्या (विनंती हाताळणारा क्लास) प्रत्येक मेथडमध्ये सभासदाचा संस्था-आयडी तपासून अबॉर्ट ४०४ ('सापडलं नाही') टाक. आमच्याकडे असंच चालतं.

जुना_पीएचपीवाला:
चालतं, जोवर कुणी नवीन मेथड लिहिताना ती ओळ विसरत नाही तोवर. मग कुणाच्या तरी दुधाचं बिल भलत्याच संस्थेच्या सचिवाला दिसतं.

नेस्टिंगने फक्त पत्त्याचा आकार ठरतो. ८१२ ची ओळ लारावेल थेट प्रायमरी कीवरून (टेबलातला ओळीचा आयडी) उचलतं, वर ५ आहे की ९ याच्याशी त्याला देणंघेणं नाही. राऊटच्या शेवटी 'स्कोप्ड' लाव. मग तो सभासद संस्थेच्या रिलेशनमधूनच (मॉडेलमध्ये लिहिलेलं संस्था-सभासद नातं) शोधला जातो, सापडला नाही तर सरळ ४०४.

एक मेख आहे. कंट्रोलरच्या मेथडमध्ये संस्थासुद्धा मॉडेल (टेबलातल्या ओळीसाठीचा क्लास) म्हणून टाइप-हिंट कर, म्हणजे व्हेरिएबलच्या आधी त्या क्लासचं नाव लिही, आणि तेही सभासदाच्या आधी. संस्था नुसता आकडा म्हणून घेतलीस तर स्कोपिंग गुपचूप गळून पडतं. एरर नाही, लॉगमध्ये काही नाही. व्हेरिएबलचं नावही राऊटमधल्या पॅरामीटरशी जुळव. नाही जुळलं तर हातात कोरं मॉडेल येतं आणि सगळी फील्डं नल दिसतात. त्यात माणूस तासभर डेटाबेसला शिव्या घालत बसतो.

गोठा_डेव्ह:
'स्कोप्ड' लावलं, आता 'सभासद्स' नावाची मेथड नाही म्हणून रडतंय. असं मी कुठेच लिहिलेलं नाही!

जुना_पीएचपीवाला:
तू नाही, लारावेलने लिहिलं. रिलेशनचं नाव ते पॅरामीटरचं इंग्रजी अनेकवचन करून ओळखतं, म्हणून तुझ्या सभासदाला एस चिकटला. संस्थेच्या मॉडेलमध्ये 'चाइल्ड राऊट बाइंडिंग रिलेशनशिप नेम' ही मेथड ओव्हरराइड करून तुझ्या रिलेशनचं नाव परत दे. नाहीतर रिलेशनलाच 'सभासद्स' म्हण. मला तरी ते बघवत नाही.

नोंदी तिसऱ्या पायरीवर नको. 'सभासद डॉट नोंदी' असा वेगळा रिसोर्स करून त्याला 'शॅलो' लाव. यादी आणि नवी नोंद सभासदाखाली राहते. एकच नोंद बघायची, दुरुस्त करायची किंवा काढायची तर पत्ता नुसता 'नोंदी/४४१०'. फॅट चुकलं म्हणून दुरुस्तीला येणाऱ्या अ‍ॅपला संस्था-सभासदाची अख्खी वंशावळ कशाला पाठवायला लावतोस? मात्र तिथे पालक पत्त्यात नसतो, म्हणजे स्कोपिंगही नाही. त्या मेथडना पॉलिसी (लॉगिन केलेल्याला परवानगी आहे का ते तपासणारा क्लास) लिहावीच लागेल.

कोड_कट्टा:
मग स्कोप्डवाल्या राऊटना पॉलिसी नको ना?

जुना_पीएचपीवाला:
हवीच. स्कोप्ड एवढंच सांगतं की सभासद ५ नंबरच्या संस्थेचा आहे. लॉगिन केलेला सचिव त्या संस्थेचा आहे का, हे त्याला कुठून कळणार?