मदत हवी आहे : डायलिसिसनंतर पोटात कळा, आतड्याला रक्त कमी पडतंय

नमस्कार. बाबांचं (वय ६८, जुना मधुमेह) चार वर्षं हिमोडायलिसिस (मशीनवर रक्त शुद्ध करणं) चालू आहे, आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. महिनाभर झाला, तिसऱ्या तासाला बीपी पडतं. गेल्या आठवड्यात वरचं ८० वर आलं. पाय उंच केले, सलाईन दिलं, पाणी काढणं थांबवलं, तेव्हा कुठे सावरले.

घरी आल्यावर बेंबीभोवती कळा सुरू. पोट हाताला अगदी मऊ, आणि बाबा मात्र गुडघे पोटाशी घेऊन कण्हतायत. एवढ्या जाड सुया टोचताना हूं की चूं न करणारा माणूस! मी गॅस समजून रात्र काढली, तेच आता मनाला खातंय. पहाटे शौचात रक्त दिसलं.

सीटी अँजिओत (रक्तवाहिन्यांच्या स्कॅनमध्ये) गुठळी नाही. धमन्यांत कॅल्शियम साचलंय, मोठ्या आतड्याची उजवी बाजू सुजलीय. डॉक्टर म्हणाले, नळी तुंबलेली नाही, दाबच पुरला नाही. बीपी पडलं की शरीर मेंदू आणि हृदय सांभाळतं, आतड्याचं रक्त तोडतं. ऑपरेशन टळलं, कालच घरी आणलं. पण पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करायचं? वजन ५८ किलो, दोन डायलिसिसच्या मध्ये साडेतीन किलो वाढतं. रक्तातलं पोटॅशियम कमी करायची पावडरही चालू आहे. युनिटमध्ये विचारलं तर "पाणी कमी प्या", एवढंच.

प्रतिसाद :
ताई, आमच्या ह्यांचंही असंच झालं होतं. हिशेब करा : ३५०० मिली, ४ तास, ५८ किलो, म्हणजे किलोमागे ताशी १५ मिली पाणी काढलं जातंय. १३ च्या वर जाऊ नये म्हणतात. अर्धा-एक तास वाढवून मिळतो का, ड्राय वेट (जादा पाणी निघाल्यावरचं वजन) पुन्हा ठरवायचं का, डायलिसेट (मशीनमधलं द्रावण) थोडं गार ठेवता येईल का, हे नेफ्रॉलॉजिस्टनाच (किडनीच्या डॉक्टरांनाच) विचारा. नुसतं "पाणी कमी" म्हणून भागत नाही, मीठ सुटल्याशिवाय तहान सुटत नाही. मशीनवर असताना भरपेट खाणं बंद. ती पावडर काही जणांच्या आतड्याला इजा करते, आता रक्त पडल्यावर चालू ठेवायची का, हे पुढच्या डोसच्या आधी विचारा. आणि बीपीची गोळी कधी देता? डायलिसिसच्या आधी दिली तर मशीनवर बीपी आणखी पडू शकतं. पुन्हा कळ आली तर मात्र सकाळची वाट बघू नका, थेट इमर्जन्सी गाठा.

धागाकर्ती :
गोळी मीच हातावर ठेवते, डायलिसिसला निघताना! आत्ताच डॉक्टरांना फोन लावते.