डब्लिनहून एका दिवसाची गाईडसह सहल: आई-बाबांसाठी कोणती घ्यावी?

सांगलीची_लेक
नमस्कार मंडळी. मे महिन्यात आई-बाबा माझ्याकडे डब्लिनला येताहेत. दोघंही सत्तरीच्या घरातले. बाबा रोज फिरायला जातात, आईचे गुडघे दुखतात. शहर मी दाखवीनच, पण त्यांना ओढ आहे ती गावाकडच्या आयर्लंडची: कुरणं, मेंढ्या, दगडी बांध. गाडी चालवणारं घरात कुणी नाही, म्हणून बसची सहल. पश्चिम किनाऱ्यावरचे मोहरचे कडे, विकलोच्या डोंगरातलं ग्लेन्डालॉक की उत्तरेचा जायंट्स कॉजवे? दिवस एकच आहे. दोघंही शाकाहारी.

रानवाट
डोळे झाकून ग्लेन्डालॉक.

मोहर म्हणजे देशाच्या एका किनाऱ्यावरून थेट दुसऱ्या किनाऱ्यावर. जायला तीन-साडेतीन तास, यायला तेवढेच, आणि प्रत्यक्ष कड्यांवर दीड-दोन तास. बराचसा रस्ता मोटरवेचा, तिथे गाव दिसतच नाही. विकलोचे डोंगर मात्र शहर संपलं की लगेच सुरू होतात. मे महिन्यात गोर्सची काटेरी झुडपं पिवळीधमक फुललेली असतात, कुरणांत कोकरं असतात. सॅली गॅप या खिंडीवरून जाणारी बस मिळाली तर जरूर घ्या. १७९८ च्या उठावानंतर डोंगरात लपलेल्या बंडखोरांपर्यंत सैन्य पोचावं म्हणून इंग्रजांनी तो रस्ता बांधला. दोन्ही बाजूंना पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मातीची दलदल पसरलेली. हेच पीट विटांसारखं कापून, वाळवून लोक पिढ्यान्‌पिढ्या चुलीत जाळत आले. चांगला गाईड तिथे बस थांबवतो आणि खाली उतरून पायाखालची ती लुसलुशीत जमीन दाखवतो.

ग्लेन्डालॉकला सहाव्या शतकात सेंट केव्हिनने मठ स्थापला. तिथला गोल मनोरा साधारण ३० मीटर उंच आहे आणि त्याचं दार जमिनीपासून साडेतीन मीटरवर, म्हणजे आत जायचं तर शिडीच हवी. बाबा त्याच्यापाशी रमतील. खालच्या तळ्यापासून वरच्या तळ्यापर्यंतची वाट जवळपास सपाट आहे, आईंना झेपेल तेवढंच चालू द्या. दफनभूमीतली जमीन खडबडीत आणि गवत ओलं असतं, त्यामुळे बूट चांगल्या पकडीचे हवेत.

किल्केनी शहर जोडलेल्या सहली बऱ्याच आहेत. किल्ला छान आहे, पण त्यापायी तळ्याकाठचा वेळ कापला जातो. बुकिंगआधी ‘ग्लेन्डालॉकला किती वेळ थांबणार?’ एवढं नक्की विचारा. दोन तासांपेक्षा कमी असेल तर दुसरी बघा.

गॉलवेकर
पटतंय, तरी मोहर सोडू नका असंच म्हणेन. २१४ मीटरचा सरळ कडा, खाली अटलांटिक, आणि मेमध्ये पफिन पक्षी! फक्त डब्लिनहून एका दिवसात नको. ह्यूस्टन स्टेशनवरून ट्रेनने गॉलवेला या, रात्री राहा, दुसऱ्या दिवशी तिथून सहल घ्या. ती बरेन या खडकाळ भागातून जाते. नुसता राखाडी चुनखडीचा दगड आणि त्याच्या भेगांतून उगवलेली निळी जेन्शियनची फुलं, हे दृश्य मेमध्ये खास. एक धोका आहे: दाट धुकं पडलं तर कडा दिसतच नाही. म्हणून २४ तास आधीपर्यंत रद्द करता येईल असंच तिकीट काढा.

उत्तरवारा
कॉजवेबद्दल आधी व्हिसा बघा. तो उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे युनायटेड किंगडममध्ये आहे. रस्त्यात चौकी नाही, म्हणून परवानगी लागत नाही असं नव्हे. आई-बाबांचा पासपोर्ट भारतीय असेल तर आयरिश व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ (ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना) असा शेरा हवा, नाहीतर वेगळा ब्रिटिश व्हिसा. जागा मात्र अफाट आहे. अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिली असेल तर तसेच बसाल्टचे खांब, पण हजारोंनी आणि थेट समुद्रात उतरणारे.

रानवाट
जेवणाचं राहिलं. बस बहुधा एखाद्या पबपाशी थांबते. भाज्यांचं सूप आणि ब्राउन ब्रेड जवळपास सगळीकडे मिळतो, पण सूप चिकनच्या पाण्यात केलंय का ते विचाराच. सोबत घरच्या दशम्या आणि चटणी असू द्या. छत्री वाऱ्यात टिकत नाही, टोपीचा रेनकोट घ्या.

सांगलीची_लेक
खूप आभार सगळ्यांचे. विकलो नक्की केलं, किल्केनीशिवाय. आईला घाटात बस लागते, त्यावर काही?

रानवाट
पुढच्या रांगेत बसवा आणि आलेपाक जवळ ठेवा. बऱ्याच बसमध्ये जागांना नंबर नसतात, त्यामुळे वीस मिनिटं आधी पोचा. लहान बसमध्ये टॉयलेट नसतं, तेव्हा मध्ये कुठे कुठे थांबणार हेही बुकिंगच्या वेळीच विचारून ठेवा.